दोन मिनिटांतला बिघाड

जेद्दा, ९ एप्रिल २०१६

प्रिय हलिमा फुफी,

सलाम. फोनवर टाइप केलेलं मराठी तुला वाचवत नाही म्हणतेस, म्हणून वहीच्या कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. पाचवीनंतर हर्णै सोडून इथं आले तेव्हापासून मराठी लिहायची सवय गेली. चुका निघतील. काढ, पण शेवटी काढ. आधी काम ऐक.

बारावीला मी मीडिया स्टडीज घेतलंय. सकिना मिसनी पहिलाच प्रोजेक्ट दिला तो असा: जो सिनेमा कुणी काढलेलाच नाही, त्याचा दोन मिनिटांचा ट्रेलर बनवायचा आणि मग त्या ट्रेलरला नॅरेटिव्ह थिअरी लावून निबंध लिहायचा. थिअरी सोपी आहे, असं मिस म्हणतात. गोष्टीत आधी सगळं सुरळीत असतं. मग बिघाड होतो. मग बिघाड झालाय हे कुणाच्या तरी लक्षात येतं. मग दुरुस्तीची धडपड, आणि शेवटी पुन्हा सुरळीत, पण पहिल्यासारखं नाही, नवं काहीतरी. दुसरा भाग पात्रांचा. माणूस स्वभावानं कसा आहे ते बघायचं नाही, गोष्टीत तो कुठलं काम करतो ते बघायचं. नायक कोण, खलनायक कोण, मदतनीस कोण, नायकाला कामाला धाडणारा कोण.

मी अब्बांच्या दुकानावर ट्रेलर केला. तुला माहीतच आहे, गेल्या महिन्यात इथं हुकूम निघाला. मोबाइल विकायचं आणि दुरुस्त करायचं काम सप्टेंबरपासून फक्त सौदी माणसांनी करायचं. बलद बाजाराच्या त्या गल्लीत अब्बा एकोणीस वर्षं बसतायत. दुकान कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी मालकाच्या, अबू फैसलच्या नावावर आहे, पण लोक 'हारूनचं दुकान कुठाय' असंच विचारत येतात. आता अबू फैसलचा भाचा हम्माद तिथं येऊन बसतो. डिसेंबरपासून येतो. अब्बांनीच त्याला काम शिकवायचं आणि मग त्यानंच अब्बांच्या खुर्चीत बसायचं. सांग, याच्यापेक्षा चांगला खलनायक कुठे मिळणार?

मी चार शनिवार दुकानात काउंटरच्या मागे बसून फोनवर शूटिंग केलं. अब्बांना विचारलं होतं. हम्मादला वाटलं मी गेम खेळतेय.

ट्रेलर सोबत पाठवला आहे. सुरुवातीला अब्बा शटर वर करतात, गिऱ्हाइकं हसतायत, हे झालं सुरळीत. मग पडदा काळा, वर्तमानपत्रातली बातमी. मग हम्मादचे बूट दुकानात शिरतात, ते मी स्लो केलेत. तो खुर्चीत बसतो. अब्बांच्या हातातून सोल्डरिंगची सळई ओढून घेतो. शेवटी अब्बा रस्त्यावर एकटे उभे. खाली नाव येतं.

निबंधाला मदत कर. तू एवढी वर्षं शाळेत गोष्टी शिकवल्यास, तुला हे जमेल.

तुझी,
उमामा


हर्णै, १६ एप्रिल २०१६

चि. उमामास अनेक दुआ.

ट्रेलर सहा वेळा पाहिला. चुका मी आधीच काढणार. पडद्यावर हातभर अक्षरांत 'खूर्ची' लिहिलं आहेस. खु ऱ्हस्व. पत्रातल्या नंतर सांगेन, त्या बऱ्याच आहेत.

तुझी थिअरी मला आवडली. एकतीस वर्षं तिसरीच्या पोरांना गोष्टी सांगितल्या, पण आपण पाच पायऱ्या चढतोय हे कुणी सांगितलं नव्हतं. आता सासूबाईंसारखे प्रश्न विचारते, रागावू नकोस.

हम्माद डिसेंबरात आला असं तूच लिहितेस. हुकूम मार्चमध्ये निघाला. मग ट्रेलरमध्ये आधी बातमी आणि नंतर त्याचे बूट, हे कसं? हुकमामुळे तो आला असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर तो तीन महिने आधीच येऊन बसलेला होता. कशासाठी? त्याला तिथं कुणी आणलं? तुझ्या थिअरीत 'धाडणारा' असतो म्हणालीस. हम्मादला धाडणारा कोण, ते तू शोधलं नाहीस.

दुसरं. दोन मिनिटांत तो पोरगा एक शब्द बोलत नाही. आमच्या शाळेच्या नाटकात ज्याला एकही वाक्य नसे त्याला आम्ही झाड करायचो. तू त्याला खलनायक केलंस. तो मुका आहे का?

तिसरं. तू चार शनिवार शूटिंग केलंस ना, ते सगळं मला पाठव. कापलेलं नको, कापायच्या आधीचं. शिक्षिकेची खोड समज. उत्तर बरोबर असलं तरी मला कच्चं गणित बघायचं असतं.

हारून कसा आहे? चष्मा बदलला का त्यानं एवढ्यात? तुझ्या अम्मीला, साबिराला, सांग, आमसुलं पाठवली आहेत, बिलकिस तिकडे येतेय तिच्याबरोबर.

तुझी,
हलिमा फुफी


जेद्दा, २५ एप्रिल २०१६

प्रिय फुफी,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस लिहिलंच नाही. खरं सांगते, राग आला होता. ट्रेलर शाळेत पहिला आला! असेंब्ली हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवला. हम्मादचे बूट आले तेव्हा मुली 'हूऽऽ' करून ओरडल्या. मिस म्हणाल्या, एकही वाक्य नसताना खलनायक उभा केलास, हे फार अवघड असतं. इतर शाळांबरोबरच्या स्पर्धेसाठी आमच्या शाळेकडून तोच जाणार आहे. माझ्या वर्गातल्या अफशाँनं तिच्या घरच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो बराच फिरला म्हणे.

क्रमाचं म्हणशील तर ट्रेलरमध्ये क्रम बदलता येतो. मिसनीच शिकवलंय. घडलं कसं आणि सांगायचं कसं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि तो मुका नाही. उलट फार बोलतो. अब्बा काम करत असले की हा बाजूला उभा राहून 'यसार, यसार, अम्म हारून' असं चालू ठेवतो. अम्म म्हणजे काका. यसार म्हणजे डावीकडे. कालचा आलेला माणूस एकोणीस वर्षांच्या कारागिराला डावीकडे-उजवीकडे सांगतो! ते मी ट्रेलरमध्ये घेतलं नाही, कारण अब्बांचा अपमान वाटला असता.

तू विचारलंस म्हणून सांगते, चष्मा तोच आहे. अब्बा तसे ठीक आहेत, पण हम्माद आल्यापासून त्यांचं लक्ष नसतं. चहाचा पेला तीनदा पाडला. परवा गल्लीत एका छोट्या मुलाला धडकले आणि वर त्याच्या आईचंच ऐकून घेतलं. गाडीही काढत नाहीत हल्ली. बलदमध्ये पार्किंग मिळत नाही म्हणतात, आम्ही टॅक्सीनं जातो. अम्मी म्हणते, नोकरीची काळजी, दुसरं काय.

सगळं शूटिंग पाठवते आहे. सत्तेचाळीस मिनिटं आहे. तुला कंटाळा येईल.

निबंध दोन जूनला द्यायचाय.

उमामा


हर्णै, २ मे २०१६

चि. उमामा,

कंटाळा आला नाही. सत्तेचाळीस मिनिटं मी तीनदा बघितली. काल शेजारच्या कादिरला बोलावून त्याच्या लॅपटॉपवर मोठं करून बघितलं. आज मी तुझी मास्तरीण म्हणून लिहीत नाही. हे पत्र घरात एकटी असताना वाच.

नववी क्लिप काढ. हारून फोन उघडून बसलाय. चटईवर डाव्या बाजूला स्क्रू पडलाय, आपल्याला लख्ख दिसतो. हारूनचा हात चटईवर फिरतोय, आंधळी कोशिंबीर खेळताना फिरतो तसा. हम्माद हळू आवाजात म्हणतो, 'यसार.' हात डावीकडे जातो, स्क्रू सापडतो. तो हुकूम सोडत नाहीये, बेटा. तो स्क्रू कुठे आहे ते सांगतोय. आणि गिऱ्हाईक जवळ आलं की त्याचा आवाज आणखी हळू होतो, हे बघितलंस का?

आता चौदावी. सळईची. ट्रेलरमध्ये हम्माद ती ओढून घेतो. मूळ क्लिपमध्ये त्याच्या आधी दोन सेकंद आहेत. हारून सळई उचलायला जातो आणि त्याची बोटं मुठीकडे न जाता तापलेल्या टोकाकडे जातात. म्हणून तो झडप घालतो. ते दोन सेकंद तू कापलेस.

आमचे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, होडी चालवणारे तांडेल होते. मी बारावीत असताना ते पेले पाडायला लागले. आई म्हणायची, यांचं लक्ष नसतं. मग एक दिवस बंदरात शिरताना त्यांनी होडी दुसऱ्या होडीवर घातली. बाजूची होडी त्यांना दिसलीच नव्हती. मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला कळतही नाही. शेवटी बाबांना बांबूच्या नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. मग तेही गेलं.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हे रक्तात उतरतं, चाळिशीनंतर मुलांनी तपासून घ्या. मी घेतलं. गेली सहा वर्षं मी डोळ्यांत थेंब घालते आहे. हे मी तुम्हाला कुणाला सांगितलं नाही, एकटी राहते म्हणून उगाच काळजी कराल. हारूनला मात्र फोनवर तीनदा विचारलं. तीनही वेळा तो म्हणाला, "दाखवलं आपा, सगळं ठीक आहे." मला पटवून घ्यायचं होतं, म्हणून मी पटवून घेतलं. त्यानं लपवलं, मीही लपवलं. तुला एकटीला दोष देऊन चालणार नाही.

गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली टिकवता येते, वेळेवर थेंब सुरू केले तर. म्हणून या आठवड्यात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. उद्या-परवा करू नका. तो नाही म्हणेल. तेव्हा सांग, हलिमा आपाला काचबिंदू निघालाय आणि तिच्या डॉक्टरला भावाचा रिपोर्ट हवाय. माझ्यासाठी तो जाईल, स्वतःसाठी जायचा नाही.

निबंधाचं म्हणशील तर तू बिघाड चुकीच्या जागी दाखवलास. तो मार्चमध्ये झालेला नाही.

फुफी


जेद्दा, २१ मे २०१६

प्रिय फुफी,

एवढे दिवस नुसतं 'नेते', 'नेलं', 'थेंब सुरू' असे मेसेज करत होते. आता सगळं लिहिते.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात हम्माद दुकानात येईनासा झाला. ट्रेलर त्याच्यापर्यंत पोचला होता. मधे कुणीतरी त्याच्याखाली लिहिलं होतं, 'हे असे येतात आणि आयती खुर्ची घेतात.' अबू फैसलनंही बघितला. अब्बा घरी येऊन एवढंच म्हणाले, "न विचारता कुणाचं शूटिंग केलं तर इथं पोलिसात जाता येतं, उमामा. तो गेला नाही." मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. मी सांगणारच होते. एक सुदानी माणूस फोन घेऊन आला, चार्जिंग होत नव्हतं. अब्बांनी तो उघडला. मी पहिल्यांदा शूटिंग न करता नुसती बघत होते. त्यांनी चटईवर हात फिरवायला सुरुवात केली. कपाळावर घाम आला. तो माणूस घड्याळ बघत होता. स्क्रू त्यांच्या कोपराजवळ होता.

मी म्हटलं, "यसार, अब्बा."

त्यांचा हात थांबला. स्क्रू त्यांनी उचलला नाही. त्या माणसाला म्हणाले, फोन उद्या मिळेल. तो गेल्यावर शटर निम्मं खाली ओढलं आणि मला विचारलं, "हम्मादनं सांगितलं?"

"नाही. फुफीनं."

"तिला कुणी सांगितलं?"

"तिनं माझ्या क्लिप बघितल्या. अब्बा, तिला पण तेच आहे. तिच्या डॉक्टरला तुमचा रिपोर्ट हवाय."

ते स्टुलावर बसले. मग त्यांनी विचारलं, "आपाचं किती गेलंय?" स्वतःचं काही बोललेच नाहीत. तू म्हणालीस तसंच झालं, तुझ्यासाठी ते आले.

इथल्या हॉस्पिटलमध्ये अशोक देशमाने म्हणून डोळ्यांचे डॉक्टर आहेत, नांदेडचे. मराठीत बोलले म्हणून अब्बा जरा सैल झाले. तिथं एक तपासणी असते. एका पांढऱ्या खोलगट पडद्यात बघायचं आणि कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. खोलीत अंधार होता, मी मागे उभी होते. माझ्या जागेवरूनही मला कडेचे ठिपके दिसत होते, फुफी. चमकायचे, विझायचे. अब्बांचं बोट बटणावर तसंच. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मग मधोमध एखादा यायचा आणि ते लगेच दाबायचे, पहिल्या बाकावरच्या मुलासारखे.

डाव्या डोळ्याची निम्म्याहून जास्त बाजू गेलीय. उजवा बराच शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, "आणखी वर्षभरानं आला असतात तर मी नुसती सहानुभूती दिली असती. आता औषध देतो." थेंब कायमचे. दर तीन महिन्यांनी तपासणी. मलाही चाळिशीनंतर दाखवत राहायला सांगितलंय.

आता हम्मादचं. अब्बांनी त्याला फोन करून बोलावलं. तो आला, पण दारातच उभा राहिला. मी अब्बांच्या शेजारी उभी राहून माफी मागितली. मिससारख्या इंग्रजीत पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले आणि हिंदीतच बोलले. त्यालाही बाजारातली हिंदी येते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोस्त लोग हँसा, कोई बात नहीं. लेकिन मेरी माँ ने देखा. बोली, तू बूढ़े आदमी के हाथ से छीनता है?"

"तुमने क्या बोला?" अब्बांनी विचारलं.

"कुछ नहीं बोला."

"मामू को?"

"कुछ नहीं."

मग मला कळलं. अब्बांनी डिसेंबरातच त्याच्याकडून शब्द घेतला होता, डोळ्यांचं कुणाला सांगायचं नाही. त्याचा मामा, त्याची आई त्याला नाही नाही ते बोलत होते आणि हा गप्प बसला होता. मी त्याला ट्रेलरमध्ये मुका केला. घरी तो माझ्या अब्बांसाठी मुका झाला होता.

मी शाळेत जाऊन स्पर्धेतून ट्रेलर मागे घेतला. सकिना मिस रागावल्या, नावं पाठवून झाली होती. मी म्हटलं, नवा करून देते. त्या म्हणाल्या, पाहू. पण हम्मादच्या आईला खरं कसं कळणार? मूळ क्लिप दाखवायची तर अब्बांचं सगळं बाहेर येतं. मी त्यांना विचारलेलं नाही. माझी हिंमत नाही.

उमामा


जेद्दा, १० जून २०१६

प्रिय आपा,

सलाम आणि रमझान मुबारक. कितीतरी वर्षांनी तुला हातानं लिहितोय. ओळी वाकड्या आल्या तर समजून घे, आता कारण तुला माहीत आहे.

मी खोटं बोललो. तीनदा. दाखवलं म्हणालो आणि दाखवलं नव्हतं. बाबांचे शेवटचे दिवस डोळ्यांसमोर यायचे आणि पाय दवाखान्याच्या दारातून मागे फिरायचे. नोव्हेंबरात मी एका बाईच्या फोनचा बोर्ड जाळला, तेव्हा कळून चुकलं. डिसेंबरात मीच अबू फैसलकडे गेलो. सांगितलं, काम वाढलंय, हाताखाली माणूस द्या. त्यानं हम्मादला पाठवलं. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, डिप्लोमा करून चार वर्षं घरी बसलेला. पहिल्याच आठवड्यात त्यानं ओळखलं. मला म्हणाला, "अम्म हारून, तुम्ही ऐकून सांगा, मी बघून करतो." आमचं तसं चालू होतं. तू उमामाला विचारलं होतंस ना, हम्मादला धाडणारा कोण. मीच.

अबू फैसलला सांगितलं नाही, कारण डोळ्यांनी अधू कारागीर कोण ठेवणार? व्हिसा रद्द झाला तर पोरीचं बारावीचं वर्ष मध्येच तुटलं असतं. मग मार्चमध्ये हुकूम आला. खरं सांगू? मला बरं वाटलं. आता दुकान सुटलं तर सरकारमुळे सुटलं म्हणता येईल, नजरेमुळे नाही. उमामानं ट्रेलर दाखवला तेव्हाही मी गप्प बसलो. त्यात मी नायक होतो, आपा. कुणाला वाईट वाटतं?

गेल्या शुक्रवारी मी हम्मादच्या घरी गेलो. अबू फैसललाही तिथं बोलावलं. आत पडद्यामागे त्याची बहीण, हम्मादची आई, बसली होती. उमामानं तिची ती पूर्ण क्लिप माझ्या फोनमध्ये घालून दिली होती. ती मागायलाही मला आठ दिवस लागले. फोन मी आत पाठवला. आतून बाईचा आवाज आला, "परत लावा." हम्मादनं परत लावली. मग ती मोठ्यानं म्हणाली, "त्याचा हात भाजला असता." एवढंच. पण त्यानंतर तिनं चहा-खजूर पाठवले ते संपेनातच. हम्माद खाली मान घालून बसला होता. बरं झालं, नाहीतर माझी काय अवस्था होती ते त्यानं बघितलं असतं.

अबू फैसल म्हणाला, "एकोणीस वर्षं तुझ्यावर दुकान टाकून मी झोपलो, हारून. तू मला एवढंही सांगितलं नाहीस." मला वाटलं होतं तो रागावेल. त्याला वाईट वाटलं होतं. ते जास्त अवघड गेलं.

त्याचं बलदमध्ये एक लहानसं हॉटेल आहे. सप्टेंबरपासून मी तिथल्या कोठीवर बसणार, चादरी, टॉवेल, साबण. इकाम्यावरचं, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावरचं, काम बदलून देतो म्हणालाय. उमामाची परीक्षा होईपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत. मग आम्ही तिघं हर्णैला येऊ. कायमचे. तिथं काय करीन माहीत नाही. तुझ्या घराच्या पडवीत तुझ्यासारखेच थेंब घालत बसेन, आणखी काय.

उमामानं निबंध वाचून दाखवला. निम्मा कळला. त्यात एक वाक्य आहे, की ट्रेलर बनवणारा जे कापतो तेही गोष्टच सांगत असतं. हे तिचं की तुझं?

तुझा,
हारून


जेद्दा, २८ सप्टेंबर २०१६

प्रिय फुफी,

ते वाक्य माझंच होतं, अब्बांना सांगून टाक. तुझ्याकडे श्रेय जायला लागलंय.

नवा ट्रेलर स्पर्धेत गेला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. परीक्षकांनी लिहिलं, 'संघर्ष कमी पडतो.' निबंधाला मात्र मिसनी चांगले गुण दिले. मी दोन्ही ट्रेलर समोरासमोर ठेवले होते. एकाच शूटिंगमधून एक माणूस दोनदा वेगळा कसा दिसतो आणि क्रम हलवला की बिघाड कसा सरकतो, असं सगळं. मिस म्हणाल्या, पण मग खलनायक कोण? आम्ही अर्धा तास वाद घातला. त्यांना वाटतं, आजार. मला ते पटत नाही. अब्बांना काचबिंदू तीन वर्षांपासून असेल असं डॉक्टर म्हणाले, आणि तेवढी वर्षं आम्ही मजेत होतो. मला वाटतं, आम्ही एकमेकांना विचारलं नाही ते. पण 'न विचारणं' याला पात्र कसं करायचं ते मला अजून जमलेलं नाही.

दुकान ऑगस्टच्या शेवटी हम्मादच्या ताब्यात गेलं. मला वाटलं होतं त्या दिवशी अब्बा खूप उदास होतील. ते सकाळभर त्याला सुटे भाग कुठे ठेवलेत ते दाखवत होते आणि दुपारी म्हणाले, "चल, भूक लागली." दुकानात कोण काम करतं ते बघणारे सरकारी लोक दोनदा येऊन गेले, सगळं ठीक निघालं. आता हम्माद अडला की फोन करतो. फोन स्पीकरवर टाकतो, बिघडलेला मोबाइल कानाशी हलवून काय आवाज येतो ते सांगतो, आणि अब्बा हॉटेलच्या कोठीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून त्याला सांगतात, आधी बॅटरी सोड, मग ते बघ. अम्मी म्हणते, हा माणूस नोकरी सोडूनही दुकानातच आहे. अब्बांच्या डोळ्यांची तपासणीही परवा झाली. मेपासून आतापर्यंत काहीही वाढलेलं नाही. डॉक्टर देशमान्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. अब्बांनी तुला फोटो पाठवलाय म्हणे, परीक्षेचा निकाल पाठवतात तसा.

काल शाळेतून मी सरळ हॉटेलवर गेले. असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज होऊन बाजार पुन्हा उघडत होता. हज करून परतलेल्या लोकांची खरेदीची गर्दी होती. आम्ही दोघं मोठ्या रस्त्याशी आलो, टॅक्सी पलीकडून मिळते. आजवर अब्बा तिथं काय करायचे ते मला आता कळतं. चप्पल नीट करत थांबायचे, नाहीतर कुणाशीतरी बोलायला लागायचे आणि दुसरं माणूस निघालं की त्याच्या मागून निघायचे.

काल ते थांबले. शेजारी हॉटेलचा मॅनेजर होता, तो फोनवर बोलत आमच्याबरोबर निघाला होता. त्याच्यासमोर, मोठ्यानं, अब्बा म्हणाले, "उमामा, जरा हात दे. मला या बाजूचं दिसत नाही."

मॅनेजरनं फोन खाली घेतला आणि बाजूला सरकून वाट दिली. मी अब्बांचा हात धरला, रस्ता बघितला. एक बस गेली, मागून कुणी येत नव्हतं. मी म्हटलं, "चला." आणि आम्ही पलीकडे गेलो.

तुझी,
उमामा